आठवड्याचा हिशोब आगीत गेला तेव्हा

मी विमा सर्व्हेअर आहे, आगीचे क्लेम बघतो. सोलापुरात म्हटल्यावर टॉवेल-चादरीचे कारखाने येणारच. पण अक्कलकोट रोड एमआयडीसीतली एक केस काही डोक्यातून जात नाही.

रात्री शॉर्टसर्किट झालं. सुताचा भुसा लूमला, छताला, वायरिंगला सगळीकडे चिकटलेला असतो, त्यामुळे एकदा पेटलं की शेड हातात राहत नाही. मी पोचलो तेव्हा टॉवेलच्या गाठी वरून पाण्याने निथळत होत्या आणि आत हात घातला तर चटका बसत होता.

बिलं, जीएसटी रिटर्न जुळवले. माल साधारण 40 लाखांचा आणि पॉलिसी 20 लाखांची. 15 टक्क्यांपर्यंत कमी असतं तर चाललं असतं, इथं निम्मंच, मग भरपाईही त्याच प्रमाणात, म्हणजे 10 लाख जळाले तर 5च धरणार, त्यातून परत एक्सेस, म्हणजे मालकानं स्वतः सोसायचा हिस्सा, वजा. रात्रभर न झोपलेल्या माणसाला हे समजावणं म्हणजे खरंच जीवावर येतं. मालक मात्र पैशांचं ऐकून गप्प बसले आणि जॅकार्डचे, म्हणजे मागावर नक्षी उमटवणारे भोकांचे, जळके पत्ते उचलत म्हणाले, ही मोराची डिझाईन वडिलांनी बसवलेली, कागदावर कुठंच नाही. आमच्या फॉर्ममध्ये पत्ते म्हणजे पुठ्ठा आणि पंचिंगची मजुरी, बस.

तेवढ्यात शिलाईवाल्या एक मावशी पुढे आल्या. "साहेब, आमचा आठवडा कशात धरलाव?" पगार नगावर, आणि कुणी किती नग केले ती वहीच जळालेली. मालक म्हणाले, मावशी, तुम्ही सांगाल तो आकडा लिहितो. मग सगळ्या बायका बाहेर कट्ट्यावर बसल्या आणि मराठी-तेलुगूत एकमेकींचे नग आठवून सांगायला लागल्या, एक बाई कमी सांगत होती तर शेजारणीनं अडवून तिचा आकडा वाढवून घेतला.

त्या यादीवर मी सगळ्यांच्या सह्या-अंगठे घेतले, कारण तयार मालाच्या किमतीत शिलाईची मजुरी येते आणि तिला दुसरा पुरावाच उरला नव्हता. रिपोर्टला जोडली. पण शेड बंद राहील तोवरची मजुरी साध्या फायर पॉलिसीत येतच नाही, त्याला लॉस ऑफ प्रॉफिटचं वेगळं कव्हर लागतं, त्यात कामगारांची मजुरीही धरता येते. सोलापूरच्या पूर्व भागातल्या छोट्या कारखान्यांत मला ते अजून एकाकडेही दिसलेलं नाही. कारखाना असेल तर रिन्यूअलच्या वेळी एजंटला हे नक्की विचारा.