व्हेनियर्सच्या आधी हिरड्या
लग्नाआधी पुढच्या दातांवर व्हेनियर्स (दाताच्या दर्शनी भागावर चिकटवायचे पातळ कवच) बसवायचेच, असे ठरवून बसलेल्या भाचीला घेऊन आज दंतवैद्यांकडे गेले होते. ब्रश करताना रक्त येते का, हे डॉक्टरांनी आधी विचारले. सुजलेल्या हिरडीजवळ व्हेनियरची कड नीट बसत नाही, शिवाय त्यासाठी बहुधा सुमारे अर्धा मिलिमीटर घासावे लागणारे इनॅमल (दाताचे वरचे कठीण आवरण) पुन्हा कधीच तयार होत नाही, हे समजावून त्यांनी प्रथम स्केलिंग (दातांवरचे किटण खरवडून काढणे) सुचवले. स्केलिंगने दात हलू लागतात, ही आमच्या आईची (आणि निम्म्या गावाची) ठाम समजूत; प्रत्यक्षात साचलेले किटण निघाल्यावर, आधीच सैल झालेला दात तेवढा जाणवू लागतो. तंबाखूच्या मिश्रीने हिरड्या घट्ट होतात, ही समजूत मात्र त्याहून घातक आहे. भाचीने तूर्त स्केलिंगचीच वेळ घेतली आहे.