नवी बॅटरी टाकली, तरी सकाळी सेल फिरत नाही?

"भाऊ, नवी बॅटरी टाकून महिनाही झाला नाही, तरी सकाळी सेल (स्टार्टर) नीट फिरत नाही. डायनॅमो बदलून टाकू का?" जुन्या पिकअपवाल्यांकडून हा प्रश्न मला सारखा येतो. तुम्हीही विचारलंत, म्हणून सविस्तर लिहितो. डायनॅमोला, म्हणजे अल्टरनेटरला, हात लावायच्या आधी मोजा. चारपाचशे रुपयांचा मल्टिमीटर त्याला पुरतो.

नारायणगाव-ओतूर पट्ट्यातून टोमॅटो भरून रात्री माळशेज उतरणाऱ्या गाड्या माझ्या हाताखालून जातात. या जुन्या डिझेल इंजिनांचा पंप मेकॅनिकल. एकदा इंजिन सुरू झालं की त्याला बॅटरीची फारशी गरज उरत नाही. त्यामुळे चार्जिंग बंद पडलं तरी गाडी दिवसभर पळते आणि ड्रायव्हरला पत्ता लागत नाही. पत्ता लागतो तो रात्री, घाटात, पाऊस आणि धुकं असताना. दोन हेडलाइटच नऊ-दहा अँपिअर ओढतात, वर वायपर, वर ब्लोअर. लाइट पिवळे पडू लागतात आणि पुढे वळण असतं. म्हणून हा विषय मला निव्वळ धक्का मारून गाडी चालू करण्याचा वाटत नाही.

सुरुवात रात्रभर उभ्या असलेल्या गाडीपासून करा. सकाळी सेल मारायच्या आधी बॅटरीवर मीटर लावा. 12.6 व्होल्ट दिसले तर बॅटरी भरलेली आहे, 12.4 म्हणजे पाऊण, 12.0 म्हणजे जेमतेम पाव. मग चावी फिरवा आणि इंजिन चालू न करता डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा बघा. तो लागलाच पाहिजे. बरेच जण दिवा लागत नाही म्हणून खूश असतात, पण गोष्ट उलटी आहे. या गाड्यांत त्या दिव्यातून जाणारा थोडासा करंट रोटरच्या, म्हणजे डायनॅमोतल्या फिरणाऱ्या भागाच्या, कॉइलला मिळतो, त्यातून चुंबकत्व तयार होतं आणि डायनॅमो वीज बनवायला लागतो. वीज बनू लागली की दिव्याच्या दोन्ही टोकांना सारखाच व्होल्टेज येतो आणि दिवा विझतो. बल्ब उडालेला असेल किंवा मागची बारीक वायर तुटलेली असेल, तर चांगला डायनॅमोही गप्प बसतो, किंवा जोरात रेस दिल्यावरच चार्जिंग पकडतो. दहा-वीस रुपयांच्या बल्बपायी हजारोंचा डायनॅमो बदललेला बघितला की जीव तुटतो.

आता इंजिन चालू करा, थोडी रेस ठेवा, हेडलाइट आणि ब्लोअर लावा. बॅटरीवर 13.8 ते 14.5 च्या मध्ये आकडा हवा. 15 च्या वर गेला तर कटआऊट (व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर) गेलेला आहे, बॅटरी उकळून पाणी संपेल. 13.5 च्या खाली राहिला तर आधी डायनॅमो फिरवणारा पट्टा बघा, चकाकी आलेला किंवा सैल पट्टा लोड आला की घसरतो. पट्टा ठीक असेल तर माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची तपासणी पुढे आहे, आणि नेमकी तीच कोणी करत नाही.

ओतूरकडची एक गाडी आली होती. बॅटरी नवी, डायनॅमोही नवा. लाइट लावून बॅटरीवर मोजलं तर 13.1. तोच मीटर डायनॅमोच्या मागच्या जाड बोल्टवर लावला तर 14.3. म्हणजे डायनॅमो काम चोख करत होता आणि सव्वा व्होल्ट रस्त्यातच जिरत होता. एवढ्या लोडवर त्या वायरीत पाव व्होल्टपेक्षा जास्त फरक पडता कामा नये. वायरीवरून हात फिरवत गेलो, तर थिंबलपाशी (वायरीच्या टोकाला बोल्टसाठी दाबून बसवलेल्या कडीपाशी) ती चांगलीच गरम लागली. रबरी टोपी मागे सरकवली, आत हिरवी पूड, तांब्याचे तार काळे पडलेले, निम्मे तुटलेले. काळा भाग कापून नवं थिंबल दाबून बसवलं, झाळलं, आणि बॅटरीवर 14.2 आले.

तसंच अर्थचं, म्हणजे बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतणाऱ्या जोडणीचं. मीटरचं एक टोक डायनॅमोच्या बॉडीला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. 0.2 च्या वर दाखवलं तर इंजिन ते चेसिसची अर्थ पट्टी गंजली आहे, किंवा इंजिनकाम झाल्यावर कोणीतरी ती रंगावरच आवळली आहे. खरवडून पांढरं लोखंड दिसलं की मगच बोल्ट लावा.

एक कळकळीची विनंती. चालू गाडीत बॅटरीचं टर्मिनल काढून "गाडी चालू राहिली, म्हणजे डायनॅमो ठीक" असं ठरवू नका. त्या क्षणी व्होल्टेज उसळतो आणि डायोड (डायनॅमोतला, करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) किंवा कटआऊट उडू शकतो. शिवाय मेकॅनिकल पंपाचं इंजिन तसंही चालूच राहणार, त्यातून कळत काहीच नाही.

चार्जिंग बरोबर असूनही बॅटरी उतरत असेल तर चोरी रात्री होते. चावी बंद करून निगेटिव्ह काढा आणि मीटर अँपिअरवर ठेवून बॅटरीचं निगेटिव्ह आणि काढलेली वायर यांच्या मध्ये जोडा (तो जोडलेला असताना सेल मारू नका). 50 मिलिअँपिअरपर्यंत ठीक. अर्धा अँपिअर असेल तर दोन-तीन दिवस उभी राहिलेली गाडी उठणार नाही. फ्यूज एकेक काढत जा. एकाही फ्यूजने फरक पडला नाही आणि डायनॅमोची जाड वायर सोडल्यावर आकडा पडला, तर डायोड गळतोय. तिथे मात्र डायनॅमो खोलायलाच हवा.

खोललाच तर मागचा ब्रेकचा व्हॅक्यूम पंप बघा. यातल्या बऱ्याच गाड्यांत तो डायनॅमोलाच जोडलेला असतो. त्याचा सील गळला की ऑइल कार्बनवर (रोटरला करंट पोचवणाऱ्या ब्रशवर) उतरतं आणि चार्जिंग येतं-जातं. सील न बदलता नुसते कार्बन टाकले तर तीच तक्रार घेऊन परत यावं लागतं. आणि अशा गाडीचा पट्टा तुटला, तर चार्जिंगबरोबर ब्रेकला जोर देणारा बूस्टरही जातो, पेडल दगडासारखं कडक होतं. तेव्हा माल भरलेली गाडी घाटात उतरवू नका. जागेवर उभी करा, चाकाला दगड लावा आणि पट्टा मागवा.