मुलांच्या कान-नाक-घशाची शस्त्रक्रिया: निर्णय कशावरून घ्यावा?

मुलाला "आ" करायला सांगितले की दोन्ही बाजूंचे फुगीर टॉन्सिल्स पालकांनाही सहज दिसतात आणि मग पहिला प्रश्न हमखास तोच येतो: "एवढे मोठे आहेत, म्हणजे काढावेच लागतील ना?" लहान मुलांच्या कान-नाक-घशाच्या शस्त्रक्रिया करणे हे माझे रोजचे काम आहे, तरीही या प्रश्नाचे उत्तर नुसता घसा पाहून मी देऊ शकत नाही. साधारण ३ ते ७ या वयात टॉन्सिल्स आणि नाकाच्या मागच्या बाजूला, टाळूच्या वर असलेले ॲडेनॉइड हे दोन्ही मुळातच मोठे असतात, कारण नव्या जंतूंची ओळख करून घेण्याचे त्यांचे काम त्या वयात जोरात चालू असते. पौगंडावस्थेकडे जाताना बहुतेक मुलांमध्ये ते आपोआप आक्रसतात. म्हणून नुसता आकार हा आजार ठरत नाही. टॉन्सिल्स मोठे असूनही जे मूल रात्री शांत झोपते, नीट जेवते आणि क्वचितच आजारी पडते, त्याच्यावर शस्त्रक्रिया करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

केवळ पाहून निर्णय घेतले तर काय होते, हे १९३४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या न्यूयॉर्कच्या एका पाहणीने फार पूर्वीच दाखवून दिले आहे. पाहणीतल्या १००० शाळकरी मुलांपैकी ६११ जणांचे टॉन्सिल्स आधीच काढलेले होते. उरलेल्या ३८९ मुलांना डॉक्टरांनी तपासले आणि त्यांतील १७४ जणांना शस्त्रक्रिया सुचवली. ज्यांना गरज नाही असे ठरले होते, ती २१५ मुले दुसऱ्या डॉक्टरांनी तपासली, तेव्हा त्यांतल्याही ९९ जणांना शस्त्रक्रिया सुचवली गेली. राहिलेल्या ११६ मुलांची तिसऱ्यांदा तपासणी झाली आणि आणखी ५१ जण यादीत आले. दर फेरीला जवळजवळ निम्म्या मुलांना शस्त्रक्रिया हवी असल्याचे आढळत गेले, आणि तिन्ही फेऱ्यांमधले डॉक्टर प्रामाणिकपणेच तपासत होते. या आकड्यांचा मला आजही धाक वाटतो.

त्यामुळे वारंवार घसा दुखण्यासाठी शस्त्रक्रिया करायची, तर मोजदाद हवी. जॅक पॅराडाइज या बालरोगतज्ज्ञांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातील निकष आजही वापरले जातात: एका वर्षात ७ वेळा, किंवा सलग दोन वर्षे दरवर्षी ५ वेळा, किंवा सलग तीन वर्षे दरवर्षी ३ वेळा घशाचा संसर्ग झालेला असावा, आणि त्या प्रत्येक वेळी घसादुखीसोबत ताप, मानेत सुजलेल्या गाठी, टॉन्सिल्सवर पांढरा थर किंवा स्ट्रेप्टोकोकस जंतूंची चाचणी सकारात्मक येणे यांपैकी किमान एक तरी लक्षण असावे. साध्या सर्दीतली घशाची खवखव यात मोजत नाहीत. पालकांनी एका वहीत तारीख, ताप आणि डॉक्टरांचे निदान लिहून ठेवले, तर पुष्कळदा असे दिसते की "सारखाच आजारी असतो" असे वाटणाऱ्या मुलाला वर्षभरात तीनदाच खरा संसर्ग झाला होता. एवढ्यावर शस्त्रक्रिया करण्याचे कारण नसते, कारण निकषात न बसणाऱ्या मुलांचा त्रास वयानुसार बहुधा आपोआप कमी होतो.

झोपेचा प्रश्न मात्र वेगळा आहे, आणि माझ्या मते तो अजूनही पुरेशा गांभीर्याने विचारला जात नाही. आज मुलांचे टॉन्सिल्स आणि ॲडेनॉइड काढण्याचे एक मोठे कारण झोपेत श्वास अडणे हे आहे. जागेपणी घशाचे स्नायू ताठ असल्यामुळे श्वासमार्ग उघडा राहतो. झोपेत ते सैल पडतात आणि वाढलेल्या ऊतींमधून हवेला वाट मिळत नाही. असे मूल जवळजवळ रोज रात्री घोरते, मान मागे टाकून तोंड उघडे ठेवून झोपते, मध्येच श्वास थांबून दचकल्यासारखे धाप टाकते, घामाने भिजते, कधी बरेच दिवस कोरडे राहिल्यानंतर पुन्हा अंथरूण ओले करू लागते. झोप अपुरी झालेला मोठा माणूस दिवसा पेंगतो, मूल मात्र उलट अधिक चिडचिडे आणि चंचल होते. म्हणून त्याचा संबंध झोपेशी कोणी लावत नाही आणि खोडकरपणाबद्दल ते बोलणी खात राहते. पालकांनी पहाटेच्या सुमारास, पांघरूण बाजूला करून छाती दिसेल असे दोन-तीन मिनिटांचे मोबाइल चित्रीकरण आणले, तर निदानाला मोठीच मदत होते. चित्र स्पष्ट नसेल, मूल खूप लहान किंवा स्थूल असेल, अथवा त्याला डाउन सिंड्रोम असेल, तर रात्रभराची झोपेची तपासणी करून घ्यावी.

इथेही घाई सरसकट योग्य नाही. ५ ते ९ वर्षांच्या ४६४ मुलांवरील, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत सात महिन्यांनंतर शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७९ टक्के मुलांची झोपेची तपासणी सामान्य आली, तर केवळ देखरेखीखाली ठेवलेल्यांपैकीही ४६ टक्के मुलांची ती सामान्य झाली. वागणूक, झोप आणि एकूण स्वास्थ्य यांत शस्त्रक्रिया झालेल्या मुलांची प्रगती स्पष्टपणे अधिक होती. एकाग्रतेच्या मोजमापात मात्र लक्षणीय फरक दिसला नाही. त्यामुळे "शस्त्रक्रियेनंतर अभ्यासात हुशार होईल" असे आश्वासन मी कोणालाही देत नाही. नीट झोपेल, हे मात्र बहुतेकांच्या बाबतीत खात्रीने सांगता येते.

ॲडेनॉइड काढण्यापूर्वी टाळू आणि पडजीभ नीट पाहणे मी फार महत्त्वाचे मानते. पडजीभ टोकाशी दुभंगलेली असेल, तर टाळूच्या अस्तराखाली स्नायूंमध्ये लपलेली फट असू शकते. अशा मुलांमध्ये ॲडेनॉइडचा फुगवटा टाळूला नाकाची वाट बंद करायला आधार देत असतो. तो पूर्ण काढला तर बोलणे नाकातून येऊ लागते आणि पाणी नाकावाटे परत येते. दोन क्षणांच्या तपासणीने हा धोका आधीच ओळखता येतो.

कानाच्या बाबतीत सर्वांत दुर्लक्षित दुखणे म्हणजे पडद्यामागे साचलेला चिकट द्रव. ते न दुखणारे दुखणे आहे, म्हणूनच महिनोन्महिने लक्षात येत नाही. मधल्या कानापासून नाकाच्या मागे उघडणारी नळी लहान मुलांमध्ये आखूड आणि जवळजवळ आडवी असते. सर्दीनंतर ती नीट उघडली नाही, की आत द्रव साचतो आणि बोटे कानात घालून ऐकावे तसे मुलाला सगळे दबलेले ऐकू येते. ते टीव्हीचा आवाज वाढवते, हाक मारल्यावर वळत नाही, शाळेत "लक्ष नाही" असा शेरा मिळतो. यावर अँटिबायोटिक, सर्दीची औषधे किंवा स्टेरॉइड यांचा टिकाऊ उपयोग होत नाही. बहुतेक मुलांमध्ये द्रव तीन महिन्यांत आपोआप निघून जातो, म्हणून श्रवणचाचणी करून तेवढे थांबायचे आणि पुन्हा तपासायचे. मात्र थांबणे म्हणजे विसरणे नव्हे. पुढच्या तपासणीची तारीख त्याच दिवशी ठरवून घ्यावी. तीन महिन्यांनंतरही दोन्ही कानांत द्रव असेल आणि ऐकणे कमी असेल, तर पडद्याला बारीक छेद देऊन, द्रव शोषून तिथे ग्रोमेट बसवतात. ही इवलीशी नळी वापरण्याची आधुनिक पद्धत १९५४ मध्ये अमेरिकी कान-नाक-घसा तज्ज्ञ आर्मस्ट्राँग यांनी रूढ केली. मधल्या कानात हवा खेळती ठेवणे एवढेच तिचे काम. साधारण सहा महिने ते दीड वर्षात ती स्वतःहून बाहेर पडते आणि पडद्याचे छिद्र बहुतेकदा भरून येते. भाषा उशिरा येत असलेल्या किंवा दुभंगलेल्या टाळूच्या मुलांसाठी एवढी वाट पाहणेही काही वेळा जास्त ठरते.

काही बाबतींत तर थांबायचेच नसते. नाकात, कानात किंवा अन्ननलिकेत अडकलेली बटन बॅटरी दोन तासांतही ऊती जाळू लागते. तिथे रात्र असो वा सुट्टी, तातडीने रुग्णालयात जावे. कानातून सतत दुर्गंधीयुक्त पाणी येत असेल, तर हाड कुरतडणारा कोलेस्टिॲटोमा (मधल्या कानात वाढणारी त्वचेची गाठ) आहे का, हे पाहावेच लागते, आणि तो असल्यास शस्त्रक्रियेशिवाय इलाज नसतो.

निर्णय झाल्यावर पालकांनी भूलतज्ज्ञांना दोन गोष्टी न विचारताही सांगाव्यात: मुलाला गेल्या काही दिवसांत सर्दी, खोकला किंवा ताप होता का, आणि घरात कोणाला सहज रक्तस्राव होण्याचा किंवा भूल देताना त्रास झाल्याचा इतिहास आहे का. उपाशी ठेवण्याच्या सूचनाही तंतोतंत पाळाव्यात. घन आहार सहा तास, आईचे दूध चार तास आणि पाणी दोन तास आधी बंद, हा सर्वसाधारण नियम आहे. उगाच बारा तास तहानलेले ठेवल्याने मुलाचा त्रासच वाढतो.

टॉन्सिल्स काढल्यानंतरचे दहा-बारा दिवस कठीण असतात, हे मी आधीच सांगते. जखमेवर पांढरट-पिवळा थर येतो, तो पू नव्हे. कान दुखतो, कारण घसा आणि कान यांना एकच मज्जातंतू संवेदना पुरवतो. वेदनाशामक औषध दुखणे वाढण्याची वाट न पाहता वेळेवर द्यावे, पण कोडीन असलेले औषध देऊ नये. काही मुलांच्या शरीरात त्याचे मॉर्फिन फार वेगाने तयार होते आणि श्वास मंदावतो, म्हणूनच २०१३ पासून अमेरिकेच्या औषध नियामकाने या शस्त्रक्रियेनंतर मुलांसाठी ते वर्ज्य ठरवले आहे. पाणी भरपूर पाजावे. साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान तो थर सुटताना रक्तस्राव होऊ शकतो. तोंडातून ताजे लाल रक्त आले, तर ते आपोआप थांबले तरी मुलाला थेट रुग्णालयात न्यावे, कारण थोडासा स्राव ही मोठ्या रक्तस्रावाची पूर्वसूचना असू शकते. झोपेत मूल वारंवार गिळताना दिसले, तर त्याला उठवून दिव्याच्या उजेडात घसा पाहावा, कारण लहान मुले रक्त थुंकत नाहीत, गिळतात.