अली की टायसन? आधी सांगा, किती राऊंड

नाशिकला गंगापूर धरणातून पाणी सोडलं की पंचवटीकडची पोरं बॉक्सिंगच्या सरावाला येत नाहीत. त्या दिवशी गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेच्या वर पाणी चढलं होतं. लाइट नव्हती, आणि सातपूरच्या आमच्या पत्र्याच्या हॉलमध्ये सातपूर-सिडकोचीच काय ती मुलं जमली होती. जिल्हा निवड चाचणी तोंडावर आलेली. हाताला बँडेज गुंडाळता गुंडाळता पोरांत वाद पेटला: मोहम्मद अली आणि माईक टायसन समोरासमोर आले असते तर कोण जिंकलं असतं?

एरवी सरावाच्या वेळी मी असल्या गप्पा चालू देत नाही. त्या दिवशी दिल्या, कारण वाद घालणारे दोघे एकाच वजनगटाचे होते. एक सिडकोचा, उंच, लांब हातांचा. दुसरा सातपूरचाच, बुटका, रुंद खांद्यांचा, खाली वाकून आत घुसणारा. कोण कुणाच्या बाजूने होता हे सांगायला नकोच.

उंच पोराचं म्हणणं असं, की अली रिंगच्या दोरांना टेकून उभा राहिला असता, टायसनला मारून मारून दमू दिलं असतं आणि मग झोपवलं असतं. 1974 मध्ये जॉर्ज फोरमनला झोपवला तसा. हे ऐकून मात्र मला राहवलं नाही. गेले काही दिवस हा पोरगा स्पॅरिंगमध्ये, म्हणजे सरावाच्या लढतीत, विनाकारण दोरांकडे का सरकतोय, ते मला तेव्हा कळलं. मोबाइलवरच्या क्लिपा बघून त्याने तो डाव उचलला होता.

“कुठला अली म्हणतोस तू?” मी विचारलं. “1974 चा की 1966 चा?”

किन्शासात फोरमनसमोर उभा राहिलेला अली 32 वर्षांचा होता. 1967 मध्ये त्याचा जगज्जेतेपदाचा किताब काढून घेतला आणि त्यानंतर साडेतीन वर्षं त्याला रिंगमध्ये उतरता आलं नाही. परत आला तेव्हा पाय पूर्वीचे राहिले नव्हते, म्हणून दोरांचा आधार घ्यावा लागला. शिवाय फोरमनचे ठोसे बाहेरून, मोठा फेरा घेऊन यायचे. कोपरं आणि हात आवळून धरले की बरेचसे अडायचे. टायसनचं तसं नाही. तो छातीला छाती लावून आखूड मारायचा. आधी बरगडीखाली हुक, म्हणजे कोपर वाकवून बाजूने मारलेला ठोसा; गार्ड, म्हणजे तोंडासमोर धरलेले हात, खाली आला की त्याच हाताने किंवा दुसऱ्या हाताने अपरकट, खालून वर हनुवटीवर. दोरांना टेकलेला अली त्याच्यासमोर चार राऊंडही टिकला नसता, हे माझं ठाम मत आहे.

टायसनसमोर उभा करायचा तर नोव्हेंबर 1966 चा अली उभा करा. ह्यूस्टनमध्ये क्लीव्हलँड विल्यम्सला त्याने तिसऱ्या राऊंडमध्ये संपवलं, तो अली. आणि टायसन जून 1988 चा, मायकेल स्पिंक्सला 91 सेकंदांत आडवा करणारा.

मी फरशीवर खडूने रेघा मारल्या. अलीची हाताची पोच 198 सेंटिमीटर, टायसनची 180. दोन रेघांमधलं ते 18 सेंटिमीटर अंतर पोरांनी वाकून वितीने मोजलं. वजन मात्र उलटं. त्या त्या लढतीत अली साधारण 96 किलोचा आणि टायसन 99 च्या आसपास. म्हणजे बुटका माणूसच जड. बुटक्या पोराला मी रेघेवर उभं केलं आणि उंच पोराला जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, सोडायला लावला. एकदा, दोनदा, तीनदा. चौथ्या वेळी बुटक्याने डोकं उजवीकडे काढलं, जॅब त्याच्या डाव्या कानावरून गेला, आणि डावा पाय पुढे टाकताच खडूच्या रेघेला काही अर्थ उरला नाही. त्याचं कपाळ उंच पोराच्या छातीला टेकलं होतं.

“बघा सर! जो फ्रेझरने अलीला असंच हरवलं होतं,” तो म्हणाला. “मग टायसन हरवणारच.”

त्याला मी ते वर्तुळ सांगितलं. 1971 मध्ये फ्रेझरने अलीला हरवलं. 1973 मध्ये फोरमनने फ्रेझरला दोन राऊंडमध्ये सहा वेळा खाली पाडलं. 1974 मध्ये अलीने फोरमनला. कोण कोणापेक्षा मोठा, हे असल्या बेरजेने निघत नाही. प्रश्न असतो कोणाच्या सवयीवर कोणाची सवय बसते हा. अली हात खाली ठेवून डोकं सरळ मागे घ्यायचा आणि डावा हुक त्याला तिथेच सापडायचा. 1963 मध्ये हेन्री कूपरचा सापडला, 1971 मध्ये पंधराव्या राऊंडला फ्रेझरचा. टायसनचा डावा हुक त्या दोघांपेक्षा जलद. पण फ्रेझर हळूहळू तापायचा आणि बाराव्या-तेराव्या राऊंडलाही तसाच पुढे येत राहायचा. टायसनचा सगळा जाळ सुरुवातीला. 1987 मध्ये बोनक्रशर स्मिथने त्याला बारा राऊंड नुसतं कवटाळून ठेवलं. स्मिथ हरला, पण पडला नाही. अली तर कवटाळण्यात उस्ताद. डाव्या हाताने मान खाली दाबून धरायचा. आणि ज्यांना सगळे घाबरायचे, त्या सॉनी लिस्टन आणि फोरमनसमोरच त्याचं डोकं सगळ्यात थंड चालायचं.

मग म्हटलं, घाला हेडगार्ड. तीन राऊंड.

पहिल्यात बुटका दोनदा आत शिरला आणि बरगडीवर असा बसवला की उंच पोराचा श्वास ऐकू आला. दुसऱ्यात उंच पोरगा पुन्हा दोरांकडे गेला, धरून ठेवू लागला. मी रेफरीच्या जागी होतो, दोनदा ताकीद दिली. राऊंड संपला तेव्हा बुटका खरंच धापा टाकत होता. उंच पोरगा कोपऱ्यात आला, माउथगार्ड काढला आणि म्हणाला, “सर, तो दमलाय. पण अलीकडे अजून तेरा राऊंड होते. माझ्याकडे एकच आहे.”

एवढ्या वर्षांत पोरांच्या तोंडून इतकं नेमकं क्वचितच ऐकलंय. पाणी देता देता मी त्याला टिलमनबद्दल सांगितलं. 1984 च्या अमेरिकन ऑलिंपिक निवडीत हेन्री टिलमन या उंच मुष्टियोद्ध्याने टायसनला दोनदा गुणांवर हरवलं, आणि ऑलिंपिकचं सुवर्ण पुढे त्यानेच नेलं. त्या लढती तीन-तीन राऊंडच्याच होत्या. टिलमनला टायसनला दमवायला वेळच नव्हता. अलीही 1960 ला रोममध्ये तीन राऊंडच्या लढतींतून सुवर्ण घेऊन आला होता. “दमण्याची वाट बघू नकोस,” मी म्हटलं. “जॅब टाक आणि त्याच क्षणी डावीकडे निघ. मागे जाऊ नकोस.”

तिसऱ्या राऊंडमध्ये त्याने ते केलं. प्रत्येक वेळी नाही जमलं. एकदा वळायला उशीर झाला आणि हुक खाल्ला. पण राऊंड त्याचा होता, आणि बुटक्यानेही ते स्वतःहून मान्य केलं. त्याच्यासाठी मी वेगळा धडा काढला: टायसनचाही जॅब होता, चांगला होता. आत शिरायचं ते जॅबच्या मागून, नुसतं डोकं घालून नाही.

ग्लोव्हज काढताना बुटक्याने शेवटी विचारलंच, “मग सर, तुमचं उत्तर काय?”

उत्तर दिलं. हौशी नियमांचे तीन राऊंड असतील तर अली, गुणांवर. व्यावसायिक लढत असेल तर पहिले पाच राऊंड टायसनचे, आणि अली एकदा तरी खाली बसेल. बारा राऊंडची असेल तर मी पैज लावणार नाही. पंधराची असेल तर अली, अकराव्या-बाराव्याच्या सुमारास, रेफरी थांबवेल. बुटक्याला ते पटलं नाही. तो पहिल्या पाच राऊंडवर अडून बसला आणि घरी जाईपर्यंत भांडत राहिला.