आमची वाटचाल : आबांची पेटी आणि हातचं गेलेलं शटडाऊन

२००६ साली जळगाव एमआयडीसीत मी आणि आबांनी कारखान्यांच्या देखभाल-दुरुस्तीच्या ठेक्यासाठी अर्धी शेड भाड्याने घेतली. आबा माझ्या नात्यातले नव्हेत. त्यांची हयात दीपनगरच्या औष्णिक केंद्रावर ठेकेदाराकडे फिटरकी करण्यात गेली. भांडवल म्हणजे माझी उसनवारी आणि त्यांची पत्र्याची पेटी. पेटीत डायल गेज, फिलर गेज ही मोजमापाची साधनं, नळ्यांची टोकं फुलवून घट्ट बसवणारा ट्यूब एक्सपांडर आणि पितळी हातोडा. पितळी का, हे सॉल्व्हंट प्लांटवर, म्हणजे हेक्झेन या द्रावकाने तेल काढणाऱ्या कारखान्यात राबलेल्याला सांगायला नको. पितळेची ठिणगी उडत नाही. हेक्झेनची वाफ हवेपेक्षा जड, नाली-खड्ड्यात दबा धरून बसते. हवेत एक-सव्वा टक्का झाली की एक ठिणगी पुरते. गॅस मीटर शून्य दाखवल्याशिवाय आबा कुणाला वेल्डिंगचा होल्डर उचलू देत नसत.

पुढची काही वर्षं सरकीच्या तेलगिरण्या, डाळमिला आणि बॉयलरची सालाबादची तपासणी यांत गेली.

मग आलं २०१३. एका मोठ्या कारखान्याचं पावसाळी शटडाऊन, म्हणजे प्लांट बंद ठेवून करायची दुरुस्ती, चार वर्षं आमच्याकडे होतं. कापसाचा हंगाम लागायच्या आत सगळं खोलून, साफ करून, जोडून द्यायचं. त्या साली खरेदी विभागात नवे साहेब आले. आमचं कोटेशन अठरा लाखांचं, दुसऱ्या ठेकेदाराचं साडेबाराचं. साहेबांनी आकडा वाचला, यादी वाचली नाही. आमच्यात हायड्रो टेस्ट (पाणी भरून दाबाची चाचणी), सांध्यांत घालायची नवी स्पायरल वुंड गॅस्केटं, क्रेन, अवजड माल उचलणारे दोन पाळ्यांचे रिगर सगळं धरलेलं. त्याच्यात नुसती मजुरी, बाकी 'एक्स्ट्रा'. एक्सचेंजर, म्हणजे उष्णतेची देवघेव करणारं नळ्यांचं यंत्र, खोलल्यावर काम वाढतंच, आणि खोललेल्या प्लांटचा मालक ठेकेदाराशी घासाघीस करू शकत नाही.

वर त्याने रोजामागे शंभर रुपये जास्त देऊन माझे सहा फिटर उचलले. मी तर त्याच कामाच्या भरवशावर बोल्ट मोजून आवळणारा टॉर्क पाना आणि हायड्रो पंप कर्जावर घेऊन बसलो होतो. सात महिने हप्ते थकले, बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या. आबांनी तीन महिने पगाराचं नाव काढलं नाही. तिकडे दहा दिवसांचं शटडाऊन सतरा दिवस चाललं, चालू करताना फ्लँजा, म्हणजे बोल्टांनी आवळलेले पाइपांचे सांधे, गळल्या, आणि एक्स्ट्राची बिलं धरून रक्कम आमच्या कोटेशनच्या वर गेली. हे तिथल्याच माणसाने मला सांगितलं. तरी पुढच्या वर्षी काम त्यालाच! याचा राग अजून आहे आणि मी तो लपवत नाही.

तारलं ते अण्णांनी. धुळ्याकडचे तेलगिरणीवाले. न कळवता शेडवर आले, खुर्ची दिली तर बसले नाहीत. आधी आबांची पेटी उघडायला लावली. टॉर्क पान्याचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट पाहिलं. मला एक प्रश्न केला नाही, कोपऱ्यातल्या पोराला विचारलं, "का भो, फ्लँज कशी आवळतो?"

तो म्हणाला, "समोरासमोरचे बोल्ट घेतो, अण्णा. पहिल्या फेरीत तिसरा हिस्सा, मग दोन हिस्से, मग पूर्ण. शेवटी गोल फिरून पुन्हा बघतो."

अण्णा मला म्हणाले, "उद्या ये, ॲडव्हान्स घेऊन जा."

त्यांच्या वाफ थंड करणाऱ्या कंडेन्सरच्या नळ्या बदलताना एक्सपांडर आबांनी स्वतः फिरवला, चौसष्टाव्या वर्षी. एकही नळी गळली नाही. तेव्हापासून अण्णांचं शटडाऊन दुसऱ्या कुणी केलेलं नाही.

ठेकेदार निवडणाऱ्या साहेबांना माझं सांगणं आहे. दोन महिने आधी त्याला प्लांटवर फिरवा. एकेका फ्लँजचा नंबर यादीत घाला. वाढीव कामाचा रेट, नळीमागे किती, जॉइंटमागे किती, ऑर्डरमध्येच लिहा, खोलल्यावर नाही. कोटेशनवर ज्या सुपरवायझरचं नाव आहे तोच येणार का, हे विचारा. बॉयलरच्या प्रेशर पार्टला, म्हणजे दाब सोसणाऱ्या भागाला, हात लागणार असेल तर आयबीआरचा (भारतीय बॉयलर नियमांनुसार पास झालेला) वेल्डर कोण आणि त्याचं सर्टिफिकेट चालू आहे का, हे स्वतः बघा. आणि त्याच्या फिटरशी दहा मिनिटं बोला, मालकाला बाहेर उभं करून.

सहातले चार फिटर परत आले, मी घेतले. पाटल्या २०१६ ला सुटल्या. आबा आता घरी असतात, पेटी शेडवरच आहे. त्या कारखान्याकडे माझ्या शेवटच्या कामाच्या रिटेन्शनचे, म्हणजे बिलातून हमीपोटी राखून ठेवलेले, एक लाख ऐंशी हजार अजून अडकले आहेत. दर दिवाळीआधी बिलाची प्रत पोस्टाने पाठवतो. यंदाचीही पाठवली.