कुणाकडं आलाव?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. 'एकट्याच कशा फिरता? कंटाळा नाही येत? भीती नाही वाटत?' हे प्रश्न मला ऑफिसात, लग्नात, अगदी दवाखान्याच्या रांगेतसुद्धा विचारले जातात. भीतीचं उत्तर सोपं आहे. मी सकाळच्या पहिल्या एसटीनं निघते आणि अंधार पडायच्या आत परतीच्या गाडीत असते. बाईमाणसाची खरी अडचण भीती नसतेच, स्वच्छतागृह असते. त्यामुळे कुठल्या स्टँडवरचं बरं आहे हे मला किल्ल्यांच्या इतिहासाआधी पाठ झालं. मार्च 2023 पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून खर्चाचा प्रश्नही कुणी काढत नाही.

कंटाळ्याचं उत्तर मात्र एका दिवसाचा हिशेब मांडल्याशिवाय देता येणार नाही. तो दिवस नळदुर्ग आणि तेरचा.

सोलापुरातून हैदराबादच्या रस्त्याला लागलं की तासाभरात नळदुर्ग येतं. पिशवीत कडक भाकरी, शेंगाचटणी, पाण्याची बाटली. किल्ला गावाला लागूनच, तिकीट काढायचं आणि आत शिरायचं. बहुतेकांना इथं धबधबा बघायचा असतो. वरचं बोरी धरण भरून सांडलं की किल्ल्यातल्या बंधाऱ्यावरून नर आणि मादी असे दोन प्रपात कोसळतात आणि त्या दिवसांत इथं पाय ठेवायला जागा नसते. मी गेले ते हिवाळ्यात, प्रपात बंद असताना. 'मग बघितलंस काय?' असं माझ्या जावेनं विचारलंच.

बंधारा बघितला. बोरी नदी अडवून तो बांधलाय दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, 1613 च्या सुमाराला. एका कामात किती कामं केलीत बघा: पाणी साठलं, नदीच्या बाजूनं किल्ल्याला खंदक मिळाला आणि पलीकडच्या रणमंडळ नावाच्या छोट्या किल्ल्यात जायला वाट झाली. एवढ्यावर भागलं असतं. पण बांधणाऱ्यानं बंधाऱ्याच्या पोटातच महाल काढला. वरून पायऱ्या उतरत आत जायचं, पाठीला अडवलेलं पाणी आणि समोर खालच्या पात्राकडे उघडणारी महिरप. नदी सांडत असताना माणूस पाण्याच्या पडद्यामागे उभा राहणार, तेही कोरडा. तिथल्या फारसी शिलालेखाचा आशय असा सांगतात की हे पाहून मित्रांचे डोळे उजळतील आणि शत्रूंचे अंध होतील. बांधकाम खात्याच्या कुठल्या फलकावर आज इतका रुबाब दिसतो का?

पाणी नसताना सांडव्यांची दगडी कड नीट दिसते, चिरे कसे बसवलेत ते कळतं, पाणी कुठून घेतलं आणि कुठं सोडलं याचा बोटानं माग काढता येतो. हे करत मी बराच वेळ घालवला. आता बरोबर नवरा असता तर 'चल, उपळी बुरूज राहिलाय' झालं असतं, भाचरं असती तर भूक लागली असती, आणि मैत्रिणी असत्या तर आम्ही महिरपीत फोटो काढून बाहेर पडलो असतो. यात कुणाचाच दोष नाही. माणसं सोबत असली की आपण त्यांच्याकडे बघतो, ते योग्यच आहे. पण मग सांडव्याकडे कोण बघणार?

उपळी बुरुजावरही चढलेच. वरच्या तोफा बघितल्या, वारा खाल्ला. मला मात्र नवबुरूज जास्त आवडला, नऊ पाकळ्यांचा. इतक्या वळणांनी तटाचं बळ वाढतं की गवंड्याची हौस भागते, यावर मी स्वतःशीच वाद घालत खाली आले.

स्टँडवर शेजारी बसलेल्या आजींनी सुरुवात केली, ''कुणाकडं आलाव?'' या भागात एकट्या बाईला विचारायचा हा पहिला प्रश्न. किल्ला बघायला आले म्हटलं तर त्यांना पटेना. मग त्यांनीच खंडोबाचं सांगितलं: देव वर्षातले काही महिने अणदूरला असतो आणि काही महिने इथं नळदुर्गला, आणि त्याला न्यायचं-आणायचं ठरतं ते दोन गावांच्या करारानं. दोन बिऱ्हाडं सांभाळणारा देव आणि ती कागदावर आणणारी माणसं, दोन्ही मला फार आपली वाटली. चौघीजणी असतो तर आजी आमच्याशी बोलल्या नसत्या. घोळक्यात कुणी तोंड घालत नाही.

तुळजापूरला फक्त गाडी बदलली. आईला बसमधूनच हात जोडले, तिच्याकडे स्वतंत्र जायचं असतं. धाराशिवला पुन्हा बदल, आणि तिथून तेर. तेरच्या गाड्या कमी, म्हणून उतरल्या उतरल्या परतीची वेळ विचारून ठेवायची.

तेर बघताना डोळे बदलावे लागतात, कारण सकाळी सगळा दगड आणि आता सगळी माती. तेरणेकाठचं हे गाव म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापारी प्रवासवर्णनात ते पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असल्याची नोंद आहे, आणि इथून गाड्या भरभरून कापड भडोचच्या बंदराकडे जायचं. आज गावातून चालताना त्यातलं काही दिसत नाही, आणि मग एका वळणावर त्रिविक्रमाचं देऊळ समोर येतं. विटांचं, मागून हत्तीच्या पाठीसारखं गोलावलेलं, म्हणजे थेट चैत्यगृहाचा, बौद्धांच्या प्रार्थनागृहाचा आकार. मूळ वास्तू बौद्ध असावी असं अनेक अभ्यासकांचं मत आहे. या घडणीचं जुळं शोधायचं तर आंध्रातल्या चेझर्ल्याला जावं लागतं. आत मात्र आज त्रिविक्रम, म्हणजे विष्णू उभा आहे, पूजा चालू आहे, आणि दारात चपला काढलेल्या आहेत.

संग्रहालय सोमवारी बंद असायची शक्यता धरून वार निवडा. रामलिंगप्पा लामतुरे या गावच्याच व्यापाऱ्यानं पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीत सापडणारे मणी, नाणी, मातीच्या मूर्ती जमवत नेल्या, त्यातून ते उभं राहिलं. पाण्यावर तरंगतील इतक्या हलक्या विटा इथल्या जुन्या बांधकामात सापडल्यात. उत्तरेश्वराच्या देवळाची कोरीव लाकडी चौकट आहे. आणि हस्तिदंताची वीतभरही नसलेली एक बाई आहे, जिची सख्खी बहीण शोभेल अशी मूर्ती 1938 मध्ये इटलीत पाँपेईच्या राखेखाली सापडली. पाँपेई गाडलं गेलं सन 79 मध्ये. म्हणजे त्याआधीच कुणीतरी अशी एक बाई घेऊन समुद्रापार गेलं होतं. मी तिच्यासमोर उभी होते तेव्हा दालनात दुसरं कुणी नव्हतं, त्यामुळे पुढे सरका म्हणणारंही कुणी नव्हतं.

शेवटी गोरोबाकाकांच्या देवळात. थापटण्यानं संतांची डोकी ठोकून कुणाचं मडकं कच्चं ते सांगणारा हा कुंभार, आणि कच्चे निघाले ते नामदेव! ज्या गावात दोन हजार वर्षं माती भाजली जातेय तिथंच ही गोष्ट घडावी हे मला पटतं. बाहेर फुलवाली म्हणाली, ''कुणाकडं आलाव?'' आता उत्तर तयार होतं. ''गोरोबाकाकांकडं.'' तिनं मान डोलावली आणि पुढचं काही विचारलं नाही.

तर कंटाळा कधी यायचा सांगा. पुढचा बेत परांड्याचा आहे. विजापूरची मलिक-ए-मैदान तोफ आधी तिथं होती, 1632 मध्ये ती विजापूरला नेली. इतकं धूड तिथवर कसं ओढलं असेल, हे त्या किल्ल्यात उभं राहून मला बघायचंय. यायचं असेल तर या खुशाल, गाडी सकाळची आहे. फक्त जेवायचं कुठं, हे मला दहाच्या आत विचारायचं नाही.