देशाचे आकडे मिळाले, आमच्या स्टेशनचे मिळेनात

पुणे-मिरज मार्गावरच्या आमच्या लहान स्टेशनचा एका गाडीचा थांबा कोविडमध्ये गेला तो गेलाच. कुणालाही विचारा, उत्तर एकच: "प्रवासी घटलेत." म्हटलं, घटलेत तर किती ते दाखवा. सांगलीला रोज ये-जा करणारे आम्ही चार-दोघं बसलो, थांबा परत मागायचा अर्ज करायचं ठरवलं आणि त्यासाठी आकडे जमवायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

देशाचे आकडे घरबसल्या मिळाले. रेल्वे बोर्डाची वार्षिक पुस्तकं संकेतस्थळावरच असतात. १९५०-५१ मध्ये सुमारे १२८ कोटी प्रवासी, २०१८-१९ मध्ये ८४४ कोटी, आणि २०२०-२१ मध्ये जेमतेम १२५ कोटी! २०२२-२३ पर्यंत ते ६४० कोटींवर आले. पण नुसत्या एकूण बेरजेवर जाऊ नका, त्यात निम्म्याहून जास्त लोकलचे प्रवासी असतात. ते वगळले तर २०१२-१३ मध्ये ३९४ कोटी आणि २०१८-१९ मध्ये ३६६ कोटी. म्हणजे घट कोविडच्या आधीचीच. त्याच काळात लोकल वगळून झालेला प्रवास किलोमीटरमध्ये मात्र वाढला होता. जवळचा माणूस दुचाकीवर आणि वडापला (शेअर जीपला) गेला, लांबचा गाडीत राहिला, असा माझा अंदाज. आमच्या मागणीला हे फारसं सोयीचं नव्हतं, तरी अर्जात घातलं.

अडलं ते आमच्या स्टेशनच्या आकड्यांवर. ज्या कार्यालयात गेलो त्याचं नाव घेत नाही. खिडकीवरचे म्हणाले, "कशाला पाहिजेत? माहिती अधिकारात टाका." टाकला. रेल्वे केंद्राची, त्यामुळे राज्याच्या अर्जाला लावतो तो कोर्ट फी स्टॅम्प इथं चालत नाही. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लागते. पोस्टात विचारलं तर "दहाच्या संपल्यात, पुढच्या आठवड्यात बघा." दहा रुपये द्यायला मी अर्धा दिवस हिंडलो. (केंद्राच्या माहिती अधिकार पोर्टलवर हेच दहा रुपये ऑनलाइन भरता येतात. तुम्ही सरळ तिकडंच जा.)

मग वाट बघणं. कायद्यात तीस दिवस आहेत आणि कार्यालयानं ते शेवटच्या दिवसापर्यंत पुरवून वापरले. उत्तर काय, तर "माहिती मागितलेल्या स्वरूपात उपलब्ध नाही", आणि सोबत स्टेशनच्या उत्पन्नाचा तक्ता. अहो, मी माणसं विचारली होती, पैसे नव्हे! भाडं बदललं की उत्पन्न बदलतं, त्यावरून माणसं कशी मोजायची? मधल्या काळात पॅसेंजर गाड्यांना एक्स्प्रेसचं भाडं लावलं होतं, ते २०२४ मध्ये खाली आलं. त्या तक्त्यावर विसंबलो असतो तर प्रवासी वाढलेत असंही सिद्ध झालं असतं!

पहिलं अपील केलं. त्याला फी नाही, पण उत्तर मिळाल्यापासून तीस दिवसांत करावं लागतं. त्यात स्वच्छ लिहिलं: वर्षवार, या स्टेशनवरून निघालेले प्रवासी, तिकिटं वेगळी, पास वेगळे. तेव्हा कुठं कागद आले. 'उपलब्ध नाही' म्हणालेली माहिती दोन पानांत बसली होती. त्यावर सहीशिक्का बघून मला जो आनंद झाला, तो बायकोला अजून कळलेला नाही.

पासचा आकडा वेगळा मागायचाच. रेल्वेच्या हिशोबात एक महिन्याचा पास म्हणजे पन्नास प्रवास, त्यामुळे पासवाले कमी झाले की आकडा धाडकन खाली दिसतो. आणि हो, पोस्टल ऑर्डरच वापरणार असाल तर तिची झेरॉक्स काढून ठेवा. माझी ऑर्डर "मिळाली नाही" म्हणत होते.